अडेवुमी स्ट्रीटवरचं चाकांचं ऑफिस

सोमवार, ८ जानेवारी

शनिवारी सकाळी रस्तारुंदीची मशीन आली आणि अर्ध्या तासात माझं दुकान गेलं. एकोणीस वर्षांचं. सूचना महिनाभर आधी चिकटवली होती, खोटं कशाला बोलू. पण तसल्या सूचना आमच्या रस्त्यावर दर निवडणुकीआधी चिकटतात, म्हणून मी तिच्यावरच 'दोन खोल्या, स्वतंत्र संडास, भाड्याने' असा कागद डकवला होता. वाचलं काय, तर पाटी, एक खुर्ची आणि भिंतीवरचं घड्याळ. घड्याळ आधीपासूनच बंद होतं.

आज घरं दाखवणाऱ्या एजंटांच्या संघटनेचं पत्र हातात पडलं. शुक्रवार ९ फेब्रुवारीला तपासनीस येणार. ज्या एजंटाकडे पत्ता आणि पाटी असलेलं ऑफिस नसेल, त्याचं कार्ड रद्द. कार्ड गेलं की मी एजंट नाही; चौकात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बाह्या ओढणाऱ्या टोळक्यातली एक.

दिवसभर दुकान शोधत फिरले. घरमालक दोन वर्षांचं भाडं एकदम मागतात. इतकी वर्षं मीच लोकांना सांगत आले, "रीतच आहे, काय करणार." आज तेच मला ऐकवलं, त्याच सुरात. रेमी पोट धरून हसली. ही माझी धाकटी बहीण. कोपऱ्यावर अकारा, चवळीची भजी, तळते, आणि कढईतल्या तेलापेक्षा तिची जीभ गरम. "सिस्टर, अख्ख्या लागोसला छप्पर दिलंस आणि स्वतः माझ्या छत्रीखाली येऊन बसलीस!"

मीही हसले. मग घरी येऊन रडले. नवरा गेल्यावर लोक मला 'बिचारी' म्हणायला लागले होते. या दुकानाने मला 'मॅडम' केलं. पुन्हा बिचारी व्हायची माझी तयारी नाही.

बुधवार, १० जानेवारी

दिपो आला होता. सात वर्षांपूर्वी हा माझ्या दुकानात धंदा शिकला. तेव्हा चप्पल तुटकी होती, आता बूट असे की त्यात तोंड दिसावं. आल्या आल्या पायाला हात लावून आडवा झाला, धुळीची पर्वा न करता. आजकाल एवढं कोण करतं?

म्हणाला, "मम्मी, दुकान पाडता येतं. गाडी कशी पाडतील?" त्याच्याकडे एक जुनी डॅन्फो आहे, रस्त्यावर प्रवासी नेणारी पिवळी मिनीबस, गॅरेजमध्ये पडून. बाकं काढायची, टेबल टाकायचं, वर पाटी. आज इथे, उद्या तिथे, जिथे भाडेकरू तिथे ऑफिस. आणखी चार एजंटही त्यात बसतील, त्यांचीही दुकानं गेलीत. "बस माझी, नाव तुमचं. तुमच्या नावाला कुणी बोट लावलेलं नाही, मम्मी."

हे खरं आहे. एकोणीस वर्षांत माझ्याकडून घर घेतलेला एकही माणूस फसला नाही. माझ्याजवळ आता एवढंच उरलंय.

सोमवार, १५ जानेवारी

बाकं निघाली. सुताराने टेबल केलं ते इतकं मोठं, की ते आत गेल्यावर मी बाहेर राहिले. पुन्हा कापलं. बारका पंखा, बारका जनरेटर, निळा पडदा, खिडकीला आतून रिकाम्या घरांची यादी. बसला निळा रंग द्यायला सांगितला होता. दारं निळी झाली आणि रंग संपला. बाकी पिवळीच.

त्याचा परिणाम असा, की सकाळपासून अकरा माणसं आत चढली आणि खुर्चीवर बसून म्हणाली, "ओशोदी, ओशोदी." एका बाईने कोंबडीसकट बैठक मारली. मी म्हटलं, हे ऑफिस आहे. ती म्हणाली, "असू दे की, मधल्या स्टॉपला उतरव."

कितीतरी दिवसांनी मनापासून हसले. बाहेर हरमट्टनच्या कोरड्या वाऱ्याची धूळ इतकी की समोरचं चर्च दिसत नव्हतं.

शुक्रवार, १९ जानेवारी

हसण्यासारखं आता काही नाही. पाच दिवस, पाच ठिकाणी उभे राहिलो, एकही करारनामा झाला नाही. आज एक परिचारिका आली, लग्न ठरलेली, नेमकं घर माझ्या यादीत होतं. सगळं जुळलं. सही करताना तिने खाली वाकून चाकांकडे बघितलं आणि पेन ठेवलं.

"आंटी, राग मानू नका. आत्ता इथे आहात. उद्या सीमेपलीकडे कोतोनूला असलात तर मी कुणाच्या नावाने ओरडू?"

चाकं आहेत ही सोय, असं आम्ही समजत होतो. लोकांना वाटतं चाकं आहेत ती पळून जायला. चारपैकी दोन एजंट आज सोडून गेले. मी संघटनेत विचारून आले. पत्त्याच्या रकान्यात 'बस' चालणार नाही. कुणातरी घरमालकाच्या जागेत कायमची उभी असेल आणि त्याची लेखी परवानगी असेल, तरच.

एकवीस दिवस उरले. जेवण जात नाही.

मंगळवार, २३ जानेवारी

जागा मिळाली! अडेवुमी स्ट्रीटच्या टोकाला बैठं घर, समोर आंबा, लांबलचक कुंपणाची भिंत. भिंतीवर लाल रंगात हातभर अक्षरं: हे घर विकाऊ नाही. फसू नका. आमच्याकडे जुनं घर आणि म्हातारं माणूस असलं की ही ओळ लागतेच. नसली तर लोक समजतात विकायला काढलंय, आणि मालक सोडून बाकी सगळे विकायला येतात.

मालकीणबाई इया एकुंदायो. सगळी गल्ली तिला इया म्हणते, आई. सत्तरीच्या पुढे, डोळ्यांत मोतीबिंदू, पाठ ताठ. दारातच विचारलं, "एजंट? मग तिथूनच बोल. मागे बहिणीच्या मातीला महिनाभर इजेबूला गेले, तर येईपर्यंत एका एजंटाने माझा व्हरांडा विकला होता."

"सगळं घर नाही?"

"घराचं गिऱ्हाईक दुपारी यायचं होतं."

मी खरं ते सांगितलं. दुकान, मशीन, कार्ड, एकवीसचे सतरा झालेले दिवस. मग ती म्हणाली, "भिंतीला लागून उभी कर. गेटपाशी माणसांचा राबता असला तर चोर येणार नाहीत. पण कचरा दिसला तर चाकात खिळा घालीन. आणि बायबल वाचून दाखवायचं रोज एक पान. मला आता अक्षरं मुंग्यांसारखी पळताना दिसतात."

मी तिच्या पायाशी गुडघे टेकले. उगाच नाही, आतून टेकले.

शुक्रवार, २६ जानेवारी

परवानगीच्या कागदावर इयाची सही घेतली. एक गोष्ट लिहून ठेवते, कारण मनात खुपते आहे.

दिपोने चार कागद आणले. एकावर परवानगी टाइप केलेली. बाकी तिन्हींवर फक्त खाली 'मालकाची सही' आणि 'साक्षीदार' अशा रेघा, वर कोरं. म्हणाला, संघटनेला मजकुरात चूक सापडली तर म्हातारीला पुन्हा त्रास नको. माझ्या दुकानात पहिल्या दिवशी मी त्याला शिकवलं होतं, कोऱ्या कागदावर कुणाची सही घ्यायची नाही, देवाची सुद्धा. त्याला तसं म्हटलं. तो हसला. "मम्मी, आपण इयाला फसवणार आहोत का?"

इयाने विचारलं, "काय लिहिलंय?" मी टाइप केलेला कागद वाचून दाखवला. "आणि दुसऱ्यांवर?" मी म्हटलं, "तेच." तिने एकेक अक्षर कोरत चार सह्या केल्या. साक्षीदार म्हणून मी खाली चार केल्या.

तेच म्हणजे तेच लिहायचं आहे म्हणून म्हटलं. खोटं असं नाही ते. चौदा दिवस राहिलेत, आणि पुन्हा पुन्हा म्हातारीच्या दारात जाऊन सही मागितली तर तिचा विचार बदलायचा.

मंगळवार, ३० जानेवारी

इया आज मुलीकडे इबादानला गेली, डोळ्याच्या ऑपरेशनला. दोन आठवडे. गेटची किल्ली माझ्या हातात दिली, कोंबड्यांना दाणे घालायला. व्हरांडा विकला गेलेल्या बाईने एका एजंटाच्या हातात किल्ली दिली. तिची इबादानची बस निघाल्यावर मी मूठ उघडून पुन्हा बघितली.

दिपोचं मन मोठं. इया परत येईल तेव्हा तिला नव्या डोळ्यांनी भिंत स्वच्छ दिसावी म्हणून दिवसभर खपून त्याने अख्खं कुंपण क्रीम रंगाने रंगवलं. स्वतःच्या हाताने, बाह्या सरसावून. आमची पाटी त्यावर काय उठून दिसते!

रेमी अकारा घेऊन आली. उभी राहून भिंतीकडे बघत होती. "सिस्टर, ते लिहिलेलं कुठाय?"

"रंग वाळला की पेंटर येऊन लिहील. ओल्यावर ओघळतं."

"हरमट्टनमध्ये रंग तासात वाळतो."

रेमीला दिपो कधीच आवडला नाही. त्याच्या बुटांवरून तिचं हे असं आहे.

शनिवार, ३ फेब्रुवारी

दोन करारनामे झाले! ती परिचारिकासुद्धा परत आली. म्हणाली, "आता भिंत आहे मागे, बरं वाटतं."

सोमवार, ५ फेब्रुवारी

बसमध्ये उकाड्याने जीव जातो, म्हणून दिपो त्याच्या मोठ्या गिऱ्हाइकांना गेट उघडून आंब्याखाली बसवतो. किल्ली त्याच्याकडेच असते आता, कोंबड्यांचं मी विसरते म्हणून तोच बघतो. आज एक माणूस टेप घेऊन अंगण मोजत होता. मी विचारलं तर दिपो म्हणाला, बसवर मांडव घालायचा आहे, त्याचं माप.

त्या गृहस्थाशी बोलले. मिस्टर ओसागिए, बेनिन सिटीकडचे, निवृत्त हेडमास्तर, बरोबर बायको. सालस माणसं. मी थंड पाणी दिलं. त्यांनी विचारलं, "मॅडम, इयाला तुम्ही चांगलं ओळखता?"

"आईसारखी आहे मला. रोज बायबल वाचून दाखवते."

"आणि मिस्टर दिपो?"

"माझ्या हाताखाली तयार झालाय."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. बायको म्हणाली, "बघा, मी म्हटलं नव्हतं? चेहऱ्यावरून कळतं." मांडवाचं माप घेणाऱ्या माणसाला एवढं भरून का यावं, ते मला समजलं नाही. पण दिवसभर बरं वाटत राहिलं. माणसं अजून माझ्या चेहऱ्याकडे बघून विश्वास ठेवतात.

पेंटर अजून आला नाही. दिपोला आठवण करायची आहे.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

पास! पास! तपासनीसाने पाटी बघितली, परवानगी वाचली, बसभोवती फिरून आला, टेबलावर बोट फिरवून धूळ बघितली. मग कार्डावर शिक्का मारला आणि म्हणाला, "मॅडम अलाबी, असं ऑफिस मी जन्मात बघितलं नव्हतं. पण ऑफिस आहे." राहिलेले दोघं एजंट टाळ्या वाजवत होते. रेमीने सगळ्यांना अकारा फुकट दिला, हे तर तिच्या आयुष्यात प्रथमच.

दिपो मात्र नव्हता. सकाळी मजुराकरवी गेटची किल्ली पाठवून दिली होती त्याने. फोन बंद. नेमका आज.

शनिवार, १० फेब्रुवारी

सकाळी आठला सामानाचा ट्रक आला. पलंग, फ्रीज, गुंडाळलेली सतरंजी. वर मिस्टर ओसागिए, नवा झब्बा घालून. खाली उतरून म्हणाले, "मॅडम, किल्ली."

मला वाटलं चुकून आलेत. त्यांनी कागद दाखवला. घराचं खरेदीखत. खाली इयाची सही, एकेक अक्षर कोरलेली. त्याखाली साक्षीदार म्हणून माझी.

मी तो कागद वाचत होते तेवढ्यात दुसरा ट्रक आला.

पुढचं लिहवत नाही.

सोमवार, १२ फेब्रुवारी

तीन कोरे कागद होते. दोन आले, तिसरा अजून कुठेतरी आहे.

दोन्ही कुटुंबं आंब्याखाली सामान टाकून बसली आहेत, एकमेकांकडे पाठ करून. रागाने माझ्यावर धावून आले ते दुसरे लोक; मिस्टर ओसागिए नाही. ते फक्त म्हणाले, "कागद मी वकिलाला सुद्धा दाखवला नाही. तुम्हाला विचारलं होतं ना." त्यापेक्षा मारलं असतं तर बरं. शाळेत चौतीस वर्षं घासून त्यांनी जमवलेलं गेलं, आणि ते माझ्या तोंडाकडे बघून गेलं.

दिपोचा पत्ता नाही. गॅरेजवाला म्हणाला बस त्याची नव्हतीच, भाड्याची होती.

मी काय काय लिहून ठेवलंय ते मागची पानं उलटून वाचलं. रंग, माप, किल्ली. माझ्याच अक्षरात सगळं. दिवस मोजण्यात मी इतकी आंधळी झाले होते. मोतीबिंदू म्हणे इयाला आहे!

मंगळवार, १३ फेब्रुवारी

संघटनेचे अध्यक्ष घरी आले. दार लावून घेतलं.

"इबिदुन, नीट ऐक. तक्रार आम्ही लिहून घेतो. दिपोने म्हातारीची सही खोटी मारली, तुझीही मारली. तुझं नाव कुठे येणार नाही. पोलीस कारकुनाशी बोललोय. संघटनेची अब्रू राहील, तुझं कार्ड राहील."

"पण सह्या खऱ्या आहेत. मिस्टर ओसागिए त्या तपासून घेतील."

"तपासू देत."

"मग कोर्ट म्हणेल सही खरी म्हणजे विक्री खरी. इयाचं घर जाईल."

अध्यक्ष उठले, टोपी सारखी केली. "तिला मुलगी आहे इबादानला. तुला कोण आहे?"

कुणीच नाही, रेमी सोडून. तासभर भिंतीला टेकून बसले. मला जावंसं वाटलं त्या वाटेने, खोटं कशाला लिहू. फक्त गप्प राहायचं होतं. गप्प राहणं मला तसंही जमतं, कोऱ्या कागदांच्या दिवशी जमलंच होतं.

रेमी आली. ओगीचा, मक्याच्या पेजेचा, वाडगा पुढे ठेवला आणि मी चार घास घेईपर्यंत समोर बसून राहिली.

बुधवार, १४ फेब्रुवारी

इया इबादानहून थेट पोलीस ठाण्यात आली. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय. मुलीने हात धरला होता. मी कोपऱ्यात बाकावर होते. 'एकारो' म्हणून नमस्कारही करता आला नाही.

कारकुनाने तक्रार लिहून तयार ठेवली होती. "इया, इथे सही करा."

"आधी वाचून दाखव."

तो वाचायला लागला. इयाने हात वर केला. "तू नको. इबिदुन आलीये का?"

मुलगी ओरडली, "आई! तिच्यामुळेच तर हे..."

"माहीत आहे. एक महिना तिने मला बायबल वाचून दाखवलं, एक शब्द गाळला नाही. एकदाच गाळला. आज गाळते का बघू."

बायबल मी एक महिना नाही, जेमतेम आठवडा वाचलं होतं. ते सांगायचंही मला सुचलं नाही. उठून टेबलापाशी गेले. कागद हातात घेतला. दारात अध्यक्ष उभे होते, मान हलवत होते, हळू, लहान मुलाला चूप करतात तशी.

मी वाचलं. दिपोचं नाव, तारीख, घराचा पत्ता, सही खोटी मारली, साक्षीदाराची सही खोटी मारली. शेवटपर्यंत वाचलं. खोलीत पंखा फिरत होता.

इया म्हणाली, "झालं? सगळं आहे त्यात?"

मिस्टर ओसागिए समोरच्या बाकावर बसले होते, मांडीवर टोपी. त्यांच्या कागदावरची सही खोटी ठरली नाही तर त्यांना निदान घर मिळेल. मी बोलले तर त्यांच्या हातात काहीच राहणार नाही. मी त्यांच्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. इतकं एकटं मला नवरा गेला त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

म्हटलं, "नाही इया. माझं नाव राहिलंय. सही तुमची खरी आहे, माझीही खरी आहे. मी तुमच्याकडून तीन कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या. काय लिहिलंय विचारलंत, तेव्हा मी खोटं बोलले."

अध्यक्ष निघून गेले. मिस्टर ओसागिएंनी टोपी डोळ्यांवर धरली. कारकून माझ्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, हे लिहिलं की तुम्ही आरोपी. कार्ड आत्ता काढून द्यावं लागेल. कळतंय ना?"

कार्ड काढून टेबलावर ठेवलं. शुक्रवारचा शिक्का अजून ताजा होता.

त्याने मजकूर खोडून पुन्हा लिहायला घेतला. 'आरोपी क्रमांक एक' असं लिहून थांबला, माझं पूर्ण नाव कसं लिहायचं ते त्याला येईना. मी एकेक अक्षर सांगितलं. त्याने ते लिहिलं, मी इयाला वाचून दाखवलं, आणि मग तिने सही केली.

उद्या दहाला पुन्हा बोलावलंय. कपड्यांची पिशवी बरोबर आणा म्हणाले. रेमी ती भरते आहे.